मधुमेहावरील तोंडावाटे घ्यावयाच्या औषधांची सुरक्षितता : एक ऐतिहासिक आढावा

१. प्रस्तावना

मधुमेह या व्याधीचे वर्णन चरक व सुश्रुत यांच्या संहितांमध्ये आढळते. तिच्यावरील तोंडावाटे घ्यावयाच्या आधुनिक औषधांचा इतिहास मात्र जेमतेम शंभर वर्षांचा आहे. १९२१-२२ मध्ये टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जॉन मॅक्लिओड व जेम्स कॉलिप यांच्या प्रयत्नांतून इन्सुलिन उपलब्ध झाले आणि असंख्य रुग्णांना जीवदान मिळाले. तथापि इन्सुलिन पोटात घेतले असता पचनसंस्थेत त्याचे विघटन होते. म्हणून ते सामान्यतः टोचून घ्यावे लागते. रोजच्या सुईपासून सुटका करणारी गोळी मिळावी, ही रुग्ण व वैद्यक या दोघांचीही आस तेव्हापासूनची आहे.

आज अशी गोळी घरोघरी आहे. 'जेवणासोबत घ्यावी', 'उपाशीपोटी घेऊ नये', 'मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी' अशा सूचना डॉक्टर देतात आणि औषधासोबतच्या पत्रकातही त्या छापलेल्या असतात. सर्वसामान्य रुग्ण त्यांकडे एक उपचार म्हणून पाहतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, यांतील महत्त्वाच्या सूचनांच्या मागे इतिहासातील विशिष्ट घटना आहेत आणि त्यांपैकी काहींची किंमत रुग्णांनी प्राण देऊन चुकवलेली आहे. औषधाची सुरक्षितता प्रयोगशाळेतून एकदाच सिद्ध होऊन येत नाही. ती वापरातून, निरीक्षणातून व वादविवादातून क्रमाक्रमाने कळत जाते. या दृष्टीने मधुमेहावरील गोळ्यांच्या इतिहासातील प्रमुख टप्प्यांचा येथे विचार केला आहे.

२. पहिला प्रयत्न आणि पहिला धडा

युरोपातील लोकवैद्यकात 'गॅलेगा ऑफिसिनॅलिस' ही वनस्पती मध्ययुगापासून परिचित होती. तिच्यात ग्वानिडिन वर्गातील द्रव्ये असल्याचे पुढे रसायनशास्त्रज्ञांना आढळले. १९१८ मध्ये सी. के. वातानाबे यांनी ग्वानिडिनमुळे प्राण्यांच्या रक्तातील साखर कमी होते, असे दाखवून दिले. मूळ ग्वानिडिन विषारी असल्याने त्याची सौम्य रूपे शोधण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्यातून १९२६ मध्ये जर्मनीतील फ्रँक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सिंथॅलिन' हे औषध पुढे आणले.

सिंथॅलिनचे स्वागत उत्साहाने झाले. साखर खरोखरच कमी होत होती. परंतु काही वर्षांतच यकृत व मूत्रपिंड यांवरील त्याचे घातक परिणाम लक्षात आले आणि त्याचा वापर मागे पडला. रक्तशर्करा कमी होणे आणि रुग्णाचे हित होणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हा या औषधप्रकाराच्या इतिहासातील पहिला धडा होय. पुढील काळात तो अनेकदा विसरला गेला व अनेकदा नव्याने शिकावा लागला.

३. माँपेलिए येथील विषमज्वराचे रुग्ण

दुसरा टप्पा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. १९४२ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे मार्सेल जाँबाँ हे विषमज्वराच्या रुग्णांवर सल्फा वर्गातील एका नव्या औषधाची चाचणी घेत होते. काही रुग्णांना ग्लानी आली, झटके आले, काही दगावले. हा जंतूंचा परिणाम नव्हता. औषधामुळे रक्तातील साखर अतिशय खाली गेली होती. त्याच शहरातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑग्युस्त लुबातिएर यांनी या अनिष्ट परिणामाचा कुत्र्यांवर पद्धतशीर अभ्यास केला. स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्यांमध्ये हे औषध निष्प्रभ ठरत होते. त्यावरून ते स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवण्यास प्रवृत्त करते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

१९५५ मध्ये बर्लिनच्या फ्रांके व फुक्स यांनी याच कुळातील कार्ब्युटामाइडचा मधुमेहावरील उपयोग प्रसिद्ध केला. जंतुनाशक म्हणून तपासल्या जाणाऱ्या या औषधाचा साखरेवरील परिणाम फुक्स यांनी स्वतःवर केलेल्या प्रयोगातून अनुभवला होता. कार्ब्युटामाइड विषारी ठरून मागे पडले, पण त्यापाठोपाठ टॉल्ब्युटामाइड, क्लोरप्रोपामाइड आणि १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्लिबेनक्लामाइड ही सल्फोनिलयुरिया वर्गातील औषधे आली.

या वर्गाचा गुण आणि धोका यांचे मूळ एकच आहे. रुग्ण जेवला आहे की नाही, हे गोळीला कळत नाही. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवण्यास भाग पाडतेच. त्यामुळे जेवण चुकले, उलट्या झाल्या किंवा नेहमीपेक्षा अधिक श्रम झाले की साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. क्लोरप्रोपामाइडचा प्रभाव शरीरात दीर्घकाळ टिकतो. ग्लिबेनक्लामाइडपासून शरीरात तयार होणारी द्रव्येही साखर कमी करतात व ती मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. म्हणून वृद्ध व मूत्रपिंडविकार असलेल्या रुग्णांत ही औषधे विशेष जोखमीची ठरली. 'गोळी घेतली की जेवण चुकवू नये' ही आजची साधी वाटणारी सूचना माँपेलिएच्या त्या रुग्णालयापर्यंत मागे जाते.

आपल्या समाजात या सूचनेला वेगळे महत्त्व आहे. एकादशी, चातुर्मास, नवरात्र यांतील उपवास आणि रमझानचे रोजे हे श्रद्धेचे विषय आहेत. मात्र गोळी नेहमीप्रमाणे घेऊन निरंकार उपवास करणे किंवा उपवास आहे म्हणून परस्पर गोळी बंद करणे, हे दोन्ही मार्ग घातक होत. उपवासापूर्वी डॉक्टरांशी बोलून औषधाची मात्रा व वेळ ठरवून घेणे हाच सुरक्षित मार्ग आहे. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसताच, रुग्ण शुद्धीवर असल्यास, साखर किंवा ग्लुकोजचे पाणी द्यावे. अशा वेळी व्रतभंगाचा विचार मनात आणू नये. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडावाटे काहीही न देता त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.

४. अमेरिकेतील चाचणी आणि तिच्यावरून उठलेले वादळ

१९६०च्या दशकापर्यंत या गोळ्यांचा दीर्घकालीन लाभ गृहीतच धरला जात होता. तो तपासण्यासाठी अमेरिकेत 'युनिव्हर्सिटी ग्रुप डायबेटिस प्रोग्राम' या नावाने विद्यापीठांतील अनेक रुग्णालयांची संयुक्त चाचणी १९६१ पासून सुरू झाली. १९७० मध्ये जाहीर झालेले निष्कर्ष अनपेक्षित होते. टॉल्ब्युटामाइड घेणाऱ्या २०४ रुग्णांपैकी २६ जण हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मरण पावले होते. निरौषधी गोळी घेणाऱ्या २०५ जणांत ही संख्या १० होती.

या निष्कर्षांवरून वैद्यकीय क्षेत्रात उभी फूट पडली. रुग्णांची विभागणी सदोष होती, मात्रा स्थिर ठेवली होती, असे आक्षेप घेण्यात आले. प्रकरण न्यायालयातही गेले. औषधासोबतच्या पत्रकात हृदयविकाराच्या धोक्याचा विशेष इशारा छापण्याचा निर्णय अमेरिकेत १९८४ मध्ये, म्हणजे १४ वर्षांनी अमलात आला. चाचणीचे निष्कर्ष कितपत बरोबर होते, याविषयी आजही एकमत नाही. पुढील अभ्यासांनी त्या भीतीला पूर्ण दुजोरा दिलेला नाही. असे असले तरी, 'या गोळीने साखर उतरते, पण माणूस जगतो का?' हा प्रश्न या चाचणीने कायमचा विचारपटलावर आणला.

५. फेनफॉर्मिन आणि मेटफॉर्मिन : एका कुळातील दोन औषधे

मेटफॉर्मिनचे रेणू १९२२ मध्येच डब्लिन येथे वर्नर व बेल यांनी तयार केले होते. पण इन्सुलिनच्या झगमगाटात त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९५७ मध्ये पॅरिसचे ज्याँ स्टर्न यांनी मधुमेहींवरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. त्याच सुमारास याच बायग्वानाइड कुळातील अधिक प्रभावी असे फेनफॉर्मिन अमेरिकेत पुढे आले व लोकप्रिय झाले.

फेनफॉर्मिनमुळे काही रुग्णांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल साचू लागले. अशा रुग्णांपैकी सुमारे निम्मे दगावत. अखेर १९७७ मध्ये अमेरिकी शासनाने 'तातडीचा धोका' या कायदेशीर तरतुदीचा आधार घेऊन फेनफॉर्मिनचा सर्वसाधारण वापर थांबवला. कुळातील एकाच्या अपकीर्तीचा डाग दुसऱ्यावरही पडला. युरोपात वापरात असलेल्या मेटफॉर्मिनला अमेरिकेत डिसेंबर १९९४ पर्यंत मान्यता मिळाली नाही.

वस्तुतः दोन्ही औषधांच्या शरीरातील प्रवासात महत्त्वाचा फरक आहे. फेनफॉर्मिनचे विघटन मुख्यतः यकृतात होते आणि काही व्यक्तींत ते आनुवंशिक कारणांमुळे मंद असते. मेटफॉर्मिन मात्र अविघटित स्वरूपात मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. त्यामुळे मूत्रपिंडे सुस्थितीत असतील तर लॅक्टिक आम्लाचा धोका अत्यल्प राहतो. ती निकामी होत असतील तर तो वाढतो. मूत्रपिंडाच्या तपासणीची सूचना या फरकातून आली आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये हा नियम अधिक नेमका केला. रक्तातील क्रिएटिनिनच्या केवळ आकड्याऐवजी त्यावरून काढलेला मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेचा अंदाज प्रमाण मानावा आणि तो ३० च्या खाली असल्यास मेटफॉर्मिन देऊ नये, असे ठरले. तीव्र जुलाब-उलट्या, गंभीर जंतुसंसर्ग, मद्याचे अतिसेवन किंवा क्ष-किरण तपासणीसाठी शिरेतून द्यावयाचे आयोडीनयुक्त द्रव्य अशा प्रसंगी डॉक्टर ही गोळी काही काळ थांबवतात, त्यामागेही हेच कारण आहे.

मेटफॉर्मिनला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती ब्रिटनमधील चाचणीने. ऑक्सफर्डचे रॉबर्ट टर्नर यांच्या नेतृत्वाखाली १९७७ मध्ये सुरू झालेल्या व ५,१०२ रुग्णांचा समावेश असलेल्या या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. वजन जास्त असलेल्या ज्या ३४२ रुग्णांना मेटफॉर्मिन देण्यात आले, त्यांच्यात एकूण मृत्यूंचे प्रमाण प्रामुख्याने आहारावर ठेवलेल्या रुग्णांच्या तुलनेत ३६ टक्क्यांनी कमी आढळले. संशयाने एका औषधाला दूर केले तसे पुराव्याने दुसऱ्याला परत आणले.

६. नवी औषधे आणि नियमनाची कसोटी

ग्लिटाझोन वर्गाच्या इतिहासात जुन्याच प्रश्नांची पुनरावृत्ती झाली. १९९७ मध्ये अमेरिकेत आलेले ट्रॉग्लिटाझोन यकृत निकामी झाल्याच्या घटनांमुळे ब्रिटनमध्ये त्याच वर्षअखेरीस, तर अमेरिकेत मार्च २००० मध्ये मागे घेण्यात आले. रोझिग्लिटाझोनमुळे हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता वाढते, असे विश्लेषण २००७ मध्ये स्टीव्हन निस्सेन व कॅथी वोल्स्की यांनी प्रसिद्ध केले. २०१० मध्ये युरोपात त्याची विक्री स्थगित झाली व भारतातही त्यावर बंदी आली. अमेरिकेत मात्र पुराव्याच्या फेरतपासणीनंतर २०१३ मध्ये त्यावरील बहुतेक निर्बंध उठवण्यात आले. एकाच पुराव्याचे वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे अर्थ लावले जातात, याचे हे बोलके उदाहरण होय.

या वादाचे एक विधायक फलित असे की, डिसेंबर २००८ पासून अमेरिकेत मधुमेहावरील नव्या औषधाने हृदयाला अपाय होत नाही हे दाखवणे आवश्यक मानले गेले. अशाच एका चाचणीतून २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनमुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू घटतात, असे आढळले. म्हणजे धोक्याच्या शोधात निघालेल्या संशोधकांच्या हाती लाभ लागला. पण त्याच वर्षी या वर्गातील औषधांमुळे, साखर फारशी वाढलेली नसतानाही, रक्तात कीटोन आम्ले साचू शकतात, असा इशाराही द्यावा लागला. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी ही औषधे काही दिवस आधी थांबवण्याचा प्रघात पडला.

भारतापुरते पाहिल्यास विलंब हा ठळक मुद्दा दिसतो. अमेरिकेने १९७७ मध्ये थांबवलेल्या फेनफॉर्मिनवर आपल्याकडे बंदी आली ती ऑक्टोबर २००३ मध्ये. याउलट पायोग्लिटाझोनच्या बाबतीत जून २०१३ मध्ये घाईने दिलेली स्थगिती अवघ्या काही आठवड्यांत, वेष्टनावर इशारा छापण्याच्या अटीवर, मागे घ्यावी लागली. औषधांच्या अनिष्ट परिणामांची देशातच नोंद ठेवणारा राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. परदेशातील निर्णयांवर विसंबून न राहता आपल्या रुग्णांचा अनुभव आपण नोंदवणे, ही त्यामागील भूमिका आहे. मात्र डॉक्टर, औषधविक्रेते आणि रुग्ण यांनी नोंदी केल्या तरच ती सफल होईल.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, केवळ रक्तशर्करा कमी होणे हा औषध सुरक्षित असल्याचा पुरावा नव्हे. दोन, एका वर्गातील सर्व औषधे सारखी मानणे चुकीचे आहे. फेनफॉर्मिन व मेटफॉर्मिन यांचे भवितव्य हे त्याचे प्रमाण होय. तीन, सुरक्षितता औषधाइतकीच रुग्णाच्या आहारावर, वयावर, यकृत-मूत्रपिंडांच्या स्थितीवर आणि सोबतच्या इतर औषधांवर अवलंबून असते. म्हणून शेजाऱ्याला मानवलेली गोळी आपणही घेणे किंवा वर्षानुवर्षे जुन्याच चिठ्ठीवर औषध आणत राहणे हे दोन्ही टाळले पाहिजे. चार, धोक्याची बातमी वाचून स्वतःहून गोळी बंद करणे हाही धोकाच आहे, कारण अनियंत्रित मधुमेहाचे दुष्परिणाम वादातीत आहेत.

औषधासोबतच्या त्या बारीक अक्षरांतील पत्रकाकडे या इतिहासाच्या प्रकाशात पाहिले पाहिजे. त्यातील ओळी पूर्वीच्या रुग्णांनी आपल्यासाठी मागे ठेवलेल्या साक्षी आहेत. त्या समजून घेणे व इतरांना समजावून सांगणे ही केवळ डॉक्टरांची नव्हे, तर प्रत्येक सुशिक्षिताची जबाबदारी आहे.