काजळी जाळणारी ज्योत

कंदिलाची काच काजळली की ती उतरवून पुसता येते. पण धावत्या मोटारीच्या धुराड्यात साचणारी काजळी कोणी व कशी पुसावी? प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा. परंतु त्यावर यंत्रज्ञांना सुमारे पाव शतक झगडावे लागले.

रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याचे एंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. दाबाने तापलेल्या हवेत तेल शिरताच ते आपोआप पेटते. ठिणगीची गरज लागत नाही. थोड्या तेलात पुष्कळ काम होत असल्यामुळे ट्रक आणि बस यांत पुढे हेच एंजिन आले. मात्र तेलाचे तुषार व हवा सर्वत्र सारखी मिसळत नाहीत. जेथे हवा अपुरी पडते तेथे काजळी धरते. तिचे सूक्ष्म कण श्वासाबरोबर फुप्फुसांत खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डीझेलचा धूर माणसाला कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले.

काजळी अडविण्याची युक्ती त्यापूर्वीच सापडली होती. सिरॅमिकचा, मधाच्या पोळ्यासारखा एक ठोकळा घ्यावयाचा आणि त्यातील नळ्यांची तोंडे आळीपाळीने बंद करावयाची. मग धूर भिंतींतून पाझरून बाहेर पडतो व काजळी आत राहते. मर्सिडीज-बेंझने १९८५ साली कॅलिफोर्नियात विकावयाच्या डीझेल मोटारींना अशी गाळणी बसविली. परंतु ती टिकेना, म्हणून तो प्रयोग लवकरच सोडावा लागला.

अडविलेल्या काजळीचे करावयाचे काय, हीच खरी अडचण होती. गाळणी तुंबली की धूर कोंडतो आणि एंजिनाची शक्ती घटते. काजळी आपसूक जळावयास सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. थांबत थांबत जाणाऱ्या शहरी बसचा धूर पुष्कळदा ३०० अंशांपर्यंतही तापत नाही. म्हणजे माणसांची दाटी जेथे अधिक, तेथेच गाळणी तुंबण्याचे भय अधिक! शिवाय फार साचलेली काजळी एकदम पेटली तर गाळणीच तडकते.

यावर दोन मार्ग निघाले. प्यूजो कंपनीने २००० साली तेलात सेरियम धातूचे संयुग मिसळून काजळी कमी उष्णतेवर जाळली. दुसरा मार्ग बर्नरचा. गाळणीच्या अलीकडे एक छोटी भट्टी असते. तीत डीझेलचे तुषार, ताजी हवा आणि विजेची ठिणगी यांनी ज्योत पेटते. गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकावरून ती किती भरली हे कळते आणि योग्य वेळी धूर तापविला जातो. एंजिन थंड असो वा मंद, ज्योत त्यावर अवलंबून नसते.

अमेरिकेत २००७ सालच्या मोठ्या एंजिनांसाठी काजळीची मर्यादा ताशी अश्वशक्तीमागे ०.०१ ग्रॅम, म्हणजे १९९४ च्या मर्यादेच्या दशांश ठरली. त्या वेळी कॅटरपिलर कंपनीने आपल्या ट्रकच्या एंजिनांसाठी बर्नरच स्वीकारला. इतर अनेकांनी मात्र उत्प्रेरकावर तेल जाळण्याची पद्धत पसंत केली. कारण बर्नरला वेगळी हवा, वेगळे तेल आणि सतत देखभाल लागते. तो नीट पेटला नाही तर स्वतःच धूर करतो.

भारतात १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना ‘भारत स्टेज ६’ हे मान लागू झाले; त्याबरोबर डीझेलमधील गंधक दशलक्ष भागांत १० भागांवर आले. त्यामुळे आता बेळगावच्या किंवा इंदूरच्या रस्त्यावरील नव्या डीझेल बसमध्येही अशी गाळणी असते. ती आपली काजळी जाळीत असता चालकाने एंजिन मध्येच बंद करू नये. कटकट नको म्हणून गाळणी काढून टाकणारे मालकही आढळतात. त्यांची कटकट तेवढ्यापुरती मिटते. काजळी मात्र थांब्यावर उभ्या असलेल्या मुलांच्या फुप्फुसांत जाते, आणि तेथे ती जाळणारा बर्नर नाही.