नाव नोंदल्यावाचून मोबदला नाही



1902 सालच्या नोव्हेंबर महिन्यात कलकत्त्यास गौहर जान या प्रख्यात गायिकेने ग्रामोफोन कंपनीच्या कर्ण्यासमोर गायन केले, आणि गाणे संपताच इंग्रजीत स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारले. त्या काळच्या अनेक तबकड्यांच्या अखेरीस असा नामोच्चार ऐकू येतो. पुष्कळांना तो गायकाचा अभिमान वाटतो. परंतु त्यामागे एक व्यावहारिक अडचण होती. ध्वनिमुद्रण कलकत्त्यास होई, पण तबकड्या तयार होत त्या जर्मनीतील हॅनोव्हर येथील कारखान्यात. हा आवाज कोणाचा, हे तेथील कारागिरांस कळावे आणि तबकडीवर योग्य नाव छापले जावे, म्हणून गायकानेच ते सांगून ठेवायचे. 1908 साली कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि ही अडचण दूर झाली. मात्र कलावंताचे नाव आणि त्याचा मोबदला यांचे नाते तेव्हापासून आजवर तुटलेले नाही. त्याचाच थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे.

आरंभी कायद्याने गायकाची दखलच घेतली नाही. इंग्लंडमधील 1911 च्या कायद्यावरून हिंदुस्थानात 1914 साली कॉपीराइटचा कायदा आला. ज्या मूळ साच्यावरून तबकड्या निघत, त्या साच्याचा जो मालक तोच कायद्याच्या दृष्टीने ध्वनिमुद्रणाचा कर्ता ठरला. गाणाऱ्याला कंपनी देईल ते मानधन मिळे. पुढे तबकडी किती खपली, कोठे वाजली, याचा हिशेब मागण्याचा अधिकार त्याला कायद्याने नव्हता. करारात तसे कलम असेल तरच मागता येई. स्वतंत्र भारताने 1957 साली नवा कायदा केला, त्यातही साच्याच्या मालकाचे हे स्थान कायम राहिले.

या व्यवस्थेची झळ आपल्या गोमंतकीयांस विशेष लागली. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकलेली आपली मुले पोटासाठी मुंबईस गेली आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्या गीतांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतील मोठी नावे. सामान्य वादकांना दिवसाचे पैसे मिळत. तबकडीवर त्यांचे नाव सहसा नसे. माझ्या लहानपणी आमच्या गावी असेच एक वृद्ध व्हायोलिनवादक राहत असत. रेडिओवर जुने गीत लागले की ते बोट वर करून म्हणत, "बाबा, ऐक, हा तुकडा माझा!" आम्हां मुलांना ती गंमत वाटे. त्या बोटाखेरीज त्यांच्याजवळ दुसरा पुरावा नव्हता, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले.

1960 नंतरच्या दशकाच्या आरंभी हा प्रश्न गाजला तो लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्या मतभेदामुळे. गीताच्या उत्पन्नात गायकाचाही वाटा असावा, असे लताबाईंचे म्हणणे. गाण्याचे पैसे एकदा घेतले की गायकाचा संबंध संपला, असे रफीसाहेबांचे. दोघेही आपापल्या परी प्रामाणिक होते. काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे थांबविले. त्याच सुमारास, 1961 साली, रोम येथे कलावंतांच्या हक्कांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने त्यावर सही केली. पुढे त्यास मान्यता मात्र दिली नाही.

कंपन्यांनी आपली वसुलीची संस्था 1941 सालीच उभारली होती. गीतकार, संगीतकार व प्रकाशक यांची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी 1969 साली निघाली. चित्रपटगृहांत गीते वाजतात, त्याचे शुल्क तिने मागितले. निर्मात्यांनी विरोध केला. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की वेगळा करार नसेल तर पैसे देऊन करवून घेतलेल्या गीत-संगीताचा मालक निर्माताच होय. याच निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडून खेद व्यक्त केला, की गीताला ज्याच्या कंठाने प्राण येतो त्या गायकालाच आपल्या कायद्यात स्थान नाही. त्याच वर्षी 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातील गीतातून अँथनी गोन्साल्विस हे नाव देशभर घरोघरी पोहोचले. व्हायोलिनच्या आपल्या गुरूला प्यारेलाल यांनी केलेले ते वंदन होते. नाव सर्वांच्या ओठी आले, पण कायद्याच्या दफ्तरात वादकाला अद्याप जागा नव्हती.

ती जागा मिळाली 1994 च्या दुरुस्तीने. 1995 पासून तिचा अंमल सुरू झाला आणि कलावंताचा हक्क प्रथमच मान्य झाला. त्याची मुदत आरंभी 25 वर्षे होती, ती 1999 साली 50 वर्षे झाली. तरीही चित्रपटासाठी एकदा संमती दिली की तो हक्क संपे. हे वैगुण्य 2012 च्या दुरुस्तीने दूर झाले; सादरीकरणाच्या व्यापारी उपयोगाबद्दल कलावंतास रॉयल्टी मिळावी असे कायद्यात आले. 2013 साली गायकांच्या संस्थेची अधिकृत नोंदणी झाली.

आता व्यवहार कसा चालतो ते पाहू. एका ध्वनिमुद्रणात तीन निरनिराळे वाटे असतात: गीतकार-संगीतकारांचा, ध्वनिमुद्रण करविणाऱ्याचा आणि गाणाऱ्या-वाजविणाऱ्याचा. संस्था रेडिओ, हॉटेले इत्यादींकडून शुल्क गोळा करतात आणि काय वाजले याच्या याद्यांवरून ते वाटतात. कॉपीराइट कचेरीत नोंदणी सक्तीची नाही. नोंदणीविनाही हक्क जन्मास येतो. पण वाद उद्भवल्यास तेथील नोंद प्रथमदर्शनी पुरावा ठरते. शिवाय प्रत्येक ध्वनिमुद्रणास बारा अक्षरांकांची एक आंतरराष्ट्रीय खूण देण्याची पद्धत आहे. तीत देश, नोंदणी करणारा, वर्ष आणि अनुक्रम असतो. मात्र त्या खुणेशी जोडलेल्या तपशिलात वादकाचे नावच नसेल, तर पैसा गोळा होऊनही त्याच्या घरी कसा पोहोचावा?

आणि 2012 च्याच कायद्यात एक अट आहे, ती लक्षात घ्या. चित्रपटात ज्याचे काम केवळ प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रूढीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीतही येत नाही, त्याला रॉयल्टीपुरते कलावंत मानले जात नाही. म्हणजे नाव गाळण्याची जुनी रूढी उद्याही एखाद्या वादकाच्या आड येऊ शकते.

शाळेत मी रोज हजेरी घेतो. मुलगा वर्गात बसलेला असला तरी हजेरीपटावर खूण नसेल तर महिन्याच्या अखेरीस तो गैरहजरच ठरतो. आज आपली भजनी मंडळे, नाट्यसंगीताचे गायक, तियात्रांतील वादक घरबसल्या ध्वनिमुद्रण करून ते जगभर पाठवीत आहेत. त्या सर्वांस माझी विनंती एवढीच, की मुद्रण संपल्यावर वाद्ये गुंडाळण्यापूर्वी एक कागद घ्या. कोण गायले, तबल्यावर कोण, व्हायोलिन कोणाचे, तारीख कोणती, हे सर्व लिहा. सर्वांच्या सह्या घ्या. आणि तेच तपशील नोंदणीत भरा. गौहर जानने आपले नाव स्वतः सांगितले होते. आमच्या गावच्या त्या वृद्ध वादकाला ते सांगण्यास कोणी जागाच दिली नाही. आज ती जागा आहे. ती रिकामी ठेवू नका.