बाहुलीतील पांढरी चमक

तान्ह्या मुलाच्या डोळ्यातील बाहुली काळीभोर असावयाची. तीत दिव्याच्या उजेडात पांढरी चमक दिसली, तर ‘फूल पडले असेल’ म्हणून स्वस्थ बसणारी माणसे आमच्या देगलूरकडे भेटतात. ती चमक दृष्टिपटलाच्या कर्करोगाचीही असू शकते. सुमारे पंधरा-वीस हजार जन्मांमागे एका मुलाला हा रोग होतो.

मी सीमेवरच्या गावातला मास्तर. म्हणूनच की काय, या रोगाचा इतिहास मला एका सीमेचा इतिहास वाटतो. गाठ डोळ्यात आहे तोवर मूल वाचते. दृष्टीच्या नसेवाटे ती मेंदूकडे गेली की वैद्याचे हात बांधले जातात.

1809 साली जेम्स वॉर्ड्रॉप या स्कॉटिश शल्यवैद्याने सांगितले की, ही गाठ दृष्टिपटलातून उगवते आणि डोळा वेळीच काढला तर जीव वाचेल. त्या वेळी भूल देण्याचे औषध नव्हते. ईथरची भूल आली 1846 मध्ये. 1851 साली हेल्महोल्ट्झच्या यंत्रामुळे जिवंत डोळ्याच्या आत पाहता येऊ लागले. पुढे फॉन ग्रेफेने डोळ्याबरोबर नसेचाही लांब तुकडा कापावा असे शिकविले. जीव राखण्यासाठी डोळा द्यावयाचा, असा हा सौदा होता.

1971 मध्ये अमेरिकेतील आल्फ्रेड नुडसन यांनी 48 रुग्णांच्या नोंदींवरून गणित मांडले : पेशीत दोन घाव बसले की हा रोग होतो, आणि काही मुले पहिला घाव जन्मतःच घेऊन येतात. गाठीला लगाम घालणारे ते जनुक 1986 साली हाती लागले. मग त्याच विद्येतून इलाजाचा विचार निघाला.

गाठीचे कण डोळ्यातील पारदर्शक द्रवात विखुरले, की औषध तेथवर नीट पोचत नाही. ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी सर्दीचा एक विषाणू दुबळा करून त्यात नागिणीच्या जातीच्या विषाणूचे एक जनुक घातले व तो डोळ्यात सोडला. नंतर दिलेले औषध ते जनुक शिरलेल्या पेशींतच विष बनते. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तात 8 पैकी 7 मुलांच्या डोळ्यांतील हे कण नाहीसे झाल्याची नोंद आहे. शत्रूच्या घरात घुसून त्याच्याच हातून त्याचा नाश करविण्याची ही युक्ती अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे. नित्याचा उपचार झालेली नाही.

आपल्याकडेही जनुकविद्येचे पाऊल पडले आहे. मुंबईच्या आय. आय. टी. व टाटा रुग्णालयाने घडविलेल्या, रक्ताच्या कर्करोगावरील पेशी-उपचाराला 2023 साली मान्यता मिळाली. डोळ्याच्या बाबतीत मात्र देगलूरकराला अजून हैदराबादच जवळचे. 1948 साली निजामी राजवट गेली, 1956 साली तालुका मुंबई राज्यात आला, तरी दुखण्याची वाट तीच राहिली. तेथे 1987 पासून एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आहे.

परंतु वाट कितीही जवळची असली, तरी निघावे लागते वेळेवर. हा रोग बहुधा पाच वर्षांच्या आतच गाठतो. माझ्या हजेरीपटावर मुलाचे नाव चढते, त्याआधीच निकाल लागलेला असतो. म्हणून हा धडा मुलांना शिकवून भागणार नाही. तो त्यांच्या आयांपर्यंत पोचला पाहिजे. चमक दिसताच त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. डोळा काढावाच लागला, तरी मूल राहते. आणि लवकर गेले, तर पुष्कळदा डोळाही राहतो.