परीक्षा एक, लायसन्स राज्याराज्याचं

आमच्या गल्लीतल्या काकू परवा नर्सिंग कॉलेजच्या ऑफिसात तिसरा हेलपाटा मारून आल्या. लेक अमेरिकेत नर्स आहे, टेक्सासमध्ये चार वर्षं झाली. आता कॅलिफोर्नियाला जायचंय, तर तिथलं बोर्ड शिक्षणाचे कागद थेट इथल्या कॉलेजकडूनच मागतंय. म्हटलं, हे सुरू तरी कुठून झालं ते बघू.

१९०३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने नर्सच्या नोंदणीचा तिथला पहिला कायदा केला, मग राज्याराज्याने आपापला. १९६५ च्या कायद्याने देशवार कोटा गेला, आपल्याकडच्या नर्सना वाट मिळाली. १९७७ मध्ये परदेशी नर्सचे कागद तपासायला सीजीएफएनएस ही संस्था निघाली. एनक्लेक्स परीक्षा देशभर एकच, लायसन्स मात्र राज्याचंच! २००० च्या सुमारास काही राज्यांनी करार केला, एका लायसन्सवर करारातल्या सगळ्या राज्यांत काम. टेक्सास सुरुवातीपासून त्यात आहे. कॅलिफोर्निया अजून बाहेरच.

आपण तरी कुठे वेगळे? केरळची नर्स महाराष्ट्रात आली तरी इथल्या कौन्सिलकडे नोंदणी करावीच लागते.

काकूंना क्लार्कने सोमवारी बोलावलंय. जुनं रजिस्टर सापडलं तर.