कार्डावर ‘वाहक’, लघवीत रक्त

आजचा इतिहास लघवीच्या रंगाचा आहे. हसू नका, ऐका.

सिकलसेल म्हटलं की विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी आणि अंगदुखी एवढंच आपल्याला आठवतं. १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी या पेशींबद्दल पहिल्यांदा छापून आणलं. त्यांचा रुग्ण वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला तरुण. त्याच लेखात आणखी एक नोंद होती: याला लघवी जास्त होते आणि ती पातळ असते. पेशी गाजल्या, लघवीची नोंद मागे पडली.

पण मूत्रपिंडच का? कारण त्याच्या आतल्या गाभ्यात ऑक्सिजन कमी आणि क्षार दाट. सिकल हिमोग्लोबिन वाकडं व्हायला एवढं पुरतं. बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, आतला थोडा भाग मरतो आणि लघवीत रक्त उतरतं. बऱ्याचदा काही दुखत नाही. आणि जास्त करून हे डाव्या बाजूला होतं.

खरी मेख पुढे आहे. हे ‘वाहक’ माणसालाही होऊ शकतं. वाहक म्हणजे एएस. आई किंवा बाबा, एकाकडूनच हा जनुक आलेला. ज्याला आपण बिनधास्त सांगतो, ‘तुला काही नाही रे.’

याची किंमत माणसांनी मोजलीय. अमेरिकेत अशा रक्तस्रावापायी अख्खी मूत्रपिंडं काढली गेली, काहींची तर गाठीच्या संशयावरून. १९५७ मध्ये मोस्तोफी, डिग्ज आणि सहकाऱ्यांनी अशा काढलेल्या मूत्रपिंडांचा अभ्यास छापला. सापडलं काय, तर आतल्या वाहिन्यांत साचलेलं रक्त.

आपल्याकडे १९५२ मध्ये लेहमन आणि कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकलसेल सापडला. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातली नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापली. पुढे पुण्याच्या डॉ. एस. एल. काटे यांनी राज्यभरच्या आदिवासी समाजांचं रक्त तपासलं. भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांच्यात २० टक्क्यांहून जास्त लोकांत हा जनुक दिसला. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य घेऊन. म्हणजे आता खूप जणांच्या हातात कार्ड येणार, आणि त्यातल्या अनेकांवर ‘वाहक’ लिहिलेलं असणार.

मी बोलतोय कर्नाळ्याहून. इथून पनवेल जवळ, आणि पनवेलला खानदेश-विदर्भातून माणसं कामाला येतात. कार्ड गावी पेटीत राहतं. इथे लघवी लाल झाली की शेजारी म्हणतात, ‘उन्हाळी लागली असेल, पाणी पी.’ नाहीतर, ‘खडा असेल.’

असेलही खडा. जंतुसंसर्गही असेल. म्हणूनच घरी ठरवू नका. १९९५ मध्ये तर मूत्रपिंडाचा एक दुर्मीळ कॅन्सर प्रामुख्याने वाहकांमध्येच आढळल्याचं पुढे आलं. घाबरायचं कारण नाही, सिकलसेलमुळे आलेलं रक्त बहुतेकदा विश्रांती आणि भरपूर पाण्याने थांबतं. पण लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करायचीच. मनाने वेदनाशामक गोळ्या घ्यायच्या नाहीत, त्या मूत्रपिंडाला बाधू शकतात.

आणि एक काम आत्ताच करा. कार्डाचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, ‘मी सिकलसेलचा वाहक आहे.’ भेटू पुढच्या भागात.