परिणामकारक रेझ्युमे : केलेले काम कागदावर कसे उतरवावे

बायोडेटात जन्मतारीख, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती असा कौटुंबिक तपशील असतो. रेझ्युमेत मात्र शिक्षण, कौशल्य आणि केलेले काम यांनाच स्थान असते. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्हा महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. तेथील दापोरासारख्या गावातील तरुण इंदूर, जळगाव वा पुण्यात नोकरी शोधू लागतो, तेव्हा हा फरक निर्णायक ठरतो.

अनुभव : ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत बुऱ्हाणपूरसाठी केळीची निवड झाली आहे, शहरात यंत्रमागाचा व्यवसायही जुना आहे. तरीही घरच्या बागेत वा मागावर वर्षानुवर्षे केलेले काम ‘अनुभव नाही’ या दोन शब्दांत पुसले जाते. ‘शेतीकाम’ एवढेच लिहिण्याऐवजी काम, कालावधी आणि प्रमाण नोंदवावे. उदाहरणार्थ : ‘4 एकर केळीबागेचे ठिबक सिंचन 2 वर्षे सांभाळले, कापणीच्या वेळी मजुरांची हजेरी व मालाच्या वजनाची नोंद ठेवली.’ गोदाम, खतविक्री वा सिंचन साहित्याच्या कंपनीला यातून उमेदवाराची उपयुक्तता कळते. मात्र लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर मुलाखतीत उत्तर देता आले पाहिजे.

नाव : हिंदीत ‘ळ’ऐवजी बहुधा ‘ल’ लिहिला जातो. त्यामुळे ‘काळे’ हे आडनाव शाळेच्या दाखल्यात ‘काले’ झालेले असू शकते. रेझ्युमेत दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव व स्पेलिंगच ठेवावे. आधार कार्डावर फरक असल्यास तो आधीच दुरुस्त करून घ्यावा.

मांडणी : नवोदितास एक पान पुरते. वर नाव, भ्रमणध्वनी व ई-मेल; नंतर कौशल्ये, अनुभव आणि शिक्षण. सर्वांत अलीकडची नोंद प्रथम द्यावी. मराठी व हिंदी या दोन्ही भाषा येणे सीमाभागातील उमेदवाराची जमेची बाजू आहे. ती अवश्य लिहावी. जाहिरातीत मागितलेली कौशल्ये अंगी असतील, तर ती त्याच शब्दांत नमूद करावीत आणि फाईल पीडीएफ स्वरूपात पाठवावी.

सावधगिरी : आधार क्रमांक वा बँक खात्याचा तपशील रेझ्युमेत देऊ नये. केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिस या 2015 पासूनच्या संकेतस्थळावर नोंदणी विनामूल्य आहे. मुलाखतीपूर्वीच ‘नोंदणी शुल्क’ मागणाऱ्यास पैसे देऊ नयेत.