वार्ना येथील रिकाम्या कबरी आणि सामाजिक विषमतेचा प्रश्न

बल्गेरियातील काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरील वार्ना शहरानजीक १९७२ मध्ये खोदकाम चालू असताना एक ताम्रपाषाणयुगीन दफनभूमी योगायोगाने उजेडात आली. मिखाईल लाझारोव्ह व इव्हान इव्हानोव्ह यांच्या उत्खननात सुमारे ३०० कबरी आणि एकूण सुमारे ६ किलो वजनाच्या ३००० हून अधिक सुवर्णवस्तू मिळाल्या. रेडिओकार्बन कालमापनानुसार या कबरी इ. स. पू. ४६०० ते ४३०० च्या दरम्यानच्या ठरतात.

सर्वाधिक ख्याती लाभली ती ४३ क्रमांकाच्या कबरीला. चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाच्या सांगाड्याभोवती दीड किलो सोने होते. सोन्याने मढवलेल्या दांड्याची कुऱ्हाड हे तर अधिकाराचेच चिन्ह मानले गेले. इतर बहुसंख्य कबरींत सोने मुळीच नाही. यावरून युरोपातील वंशपरंपरागत सत्तेचा उगमच येथे झाला, असे मानण्याकडे कल दिसतो.

तथापि हा निष्कर्ष घाईचा आहे. ३६ क्रमांकाच्या कबरीत शेकडो सुवर्णवस्तू आहेत, पण मृतदेहच नाही. अन्य तीन कबरींत सांगाड्याऐवजी मातीचे मुखवटे असून त्यांवर सोन्याचे अलंकार चढवलेले आहेत. तेव्हा ही संपत्ती कोणाची? दूरदेशी मृत्यू पावलेल्यांची की कोणा देवतेची, याचा निर्णय होत नाही. ती समूहाने विधिपूर्वक अर्पण केलेली असेल, तर सोन्याच्या वजनावरून एखाद्या व्यक्तीचा दर्जा ठरविता येणार नाही. ४३ क्रमांकाच्या कबरीतील पुरुषाला ‘राजा’ म्हणण्यापूर्वी या रिकाम्या कबरींचा उलगडा व्हावयास हवा.